‘चालत नाही असं पुस्तकात कुठे लिहिलंय?’: टेबलावरची भांडणं आणि हाऊस रूल

प्रश्न धुळ्याच्या एका डीएमचा आहे, म्हणजे डंजन मास्टरचा: गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि नियमांचा निकाल देणारा तो. पाच प्लेअर, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या गोष्टीच्या खेळाची पाचवी आवृत्ती, दर शनिवारी संध्याकाळी बैठक. मागच्या शनिवारी दरोडेखोरांच्या सरदाराशी लढाई ऐन रंगात आली असताना क्लेरिक, म्हणजे मंत्र म्हणणारा पुजारी खेळणारा प्लेअर, म्हणाला, ‘मी क्रिएट वॉटर मंत्र टाकतो. भांड्यात नाही, ह्याच्या फुफ्फुसात.’ डीएमने नाही म्हटलं. त्यावर क्लेरिक म्हणे, ‘नाक उघडं आहे, म्हणजे भांडं उघडंच झालं. आणि असं चालत नाही हे पुस्तकात कुठे लिहिलंय?’ तासभर वाजलं. शेवटी नाणं उडवलं, सरदार जमिनीवर उभ्या उभ्या बुडून मेला आणि बाकीचे तोवर मोबाईलमध्ये शिरले होते. आता तो विचारतो: ‘दादा, शेवटचा शब्द डीएमचा की पुस्तकाचा? व्हॉट्सअ‍ॅपवरची आमच्या हाऊस रूलची, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या घरगुती नियमांची, यादी लांबतच चाललीय, तिचं काय करू? आणि ह्या क्लेरिकचं काय करू?’

भाऊ, निकाल आधी सांगतो. सरदाराच्या बाबतीत तुझं बरोबर होतं. फक्त ते सांगण्याची पद्धत चुकली आणि नाणं तर काढायलाच नको होतं.

बरोबर का, ते बघ. मंत्राच्या वर्णनात पाणी ‘उघड्या भांड्यात’ तयार होतं असं म्हटलंय, नाहीतर ते पाऊस म्हणून पडतं. शिवाय मंत्रांचा सर्वसाधारण नियम आहे की जिथे परिणाम घडवायचा तिथपर्यंत मधे आडोसा नको. बरगड्या, कातडी, छातीवरचं चिलखत हा आडोसाच आहे. पण क्लेरिकशी मी शब्दांवर फार वेळ घातलाच नसता, मी किंमत काढली असती. क्रिएट वॉटर पहिल्या पातळीचा मंत्र. समोरच्याला एका शब्दात मारणारा पॉवर वर्ड किल नवव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा, आणि तोसुद्धा १०० किंवा त्याहून कमी हिट पॉइंट (अंगात किती जीव आहे त्याचा आकडा) असलेल्यालाच मारतो. पहिल्या पातळीच्या मंत्राने श्वास घेणारा कुणीही मरत असता, तर नवव्या पातळीपर्यंत घासत जाण्याचा मूर्खपणा कुणी केला असता? मंत्राचा अर्थ लावताना त्याच्या पातळीचे बाकीचे मंत्र काय करतात हे बघायचं. शब्द दोन्हीकडे ताणता येतात, ही पट्टी सहसा ताणता येत नाही.

दुसरी पट्टी याहून सोपी. क्लेरिकला एवढंच विचार: ‘ठीक, चालेल. मग पुढच्या गुहेतल्या पुजाऱ्याने तुझ्या फुफ्फुसात पाणी भरलं तर?’ जो अर्थ राक्षसाच्या हातात दिलेला चालत नाही, तो अर्थ कुणालाच नको असतो. फक्त तो मागणाऱ्याला तोवर ते सुचलेलं नसतं.

राहिलं ‘नाही म्हणून कुठे लिहिलंय’. आमच्या जळगावच्या टेबलावर एक जण हेच अहिराणीत विचारतो, ‘हाई कोठे लिखेल शे?’ आणि त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: मेलेल्या कॅरॅक्टरने उठून नाचू नये असं तरी कुठे लिहिलंय? मंत्र जेवढं सांगतो तेवढंच करतो. पुस्तकात जे जे नाकारलेलं नाही ते सगळं चालतं असं धरलं, तर पुस्तक हजार पानांचं केलं तरी पुरणार नाही.

आता पद्धतीचं. तुझा क्लेरिक तासभर का भांडला असेल? तुझ्या ‘नाही’मध्ये त्याचा टर्नही गेला आणि मंत्राचा स्लॉटही (दिवसाला मोजकेच मंत्र टाकता येतात, त्यातला एक), असं त्याला वाटलं. तू तसं म्हणाला नसशील, पण उलटंही म्हणाला नाहीस. त्याच क्षणी ‘तो मंत्र तसा चालत नाही; स्लॉट तुझा शिल्लक, टर्नही तुझाच, दुसरं काय करतोस?’ एवढं बोलला असतास, तर त्याने गदा उचलली असती आणि खेळ पुढे गेला असता.

मी नियमाच्या प्रत्येक वादात पहिलं हेच बघतो: हालचाल सांगताना प्लेअरने काय गृहीत धरलं होतं? पुस्तकाचा अर्थ नंतर. कारण त्या जगात काय शक्य आहे याची प्लेअरला जी कल्पना असते ती तुझ्या तोंडून आलेली असते. वीस वर्षं मंत्र म्हणणाऱ्या पुजाऱ्याला आपला मंत्र कुठे चालतो हे पक्कं माहीत असणार. ते आपल्या मित्राला माहीत नाही, म्हणून त्या पुजाऱ्याला मूर्ख ठरवायचं नसतं. तेव्हा फासा पडायच्या आधी चूक लक्षात आली तर हालचाल बिनशर्त परत द्यायची. फासा पडून गेल्यावर लक्षात आली तर ज्याने त्यावर भरवसा टाकला होता त्याच्या बाजूने या वेळेपुरता निकाल द्यायचा, ‘पुढच्या वेळेपासून पुस्तकाप्रमाणे’ हे मोठ्याने बोलायचं, आणि वहीत एक ओळ लिहायची. हे सगळं मिनिटभरात. पानं उलटायची ती सेशन संपल्यावर.

नाणं याच्यासाठी वाईट की त्यातून कारण निघत नाही. कारण नसलेला निकाल पुढच्या शनिवारी पुन्हा भांडायला मोकळा असतो. आणि तुझ्या टेबलावर आता एक निकाल असा आहे की छापा पडला तर फुफ्फुसात पाणी भरता येतं.

मग शेवटचा शब्द कुणाचा? खेळ चालू असताना डीएमचा, तो मिनिटभरात द्यायचा असतो म्हणून. खेळ थांबल्यावर सगळ्यांचा. हा तिढा आपला आजचा नाही. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धाचा सरावखेळ बांधला, त्यात नकाशे, फासे, नुकसानीचे तक्ते सगळं होतं. पुढे तक्त्यांच्या ओझ्याखाली खेळ रडत चालतो असं अधिकाऱ्यांना वाटू लागलं आणि १८७६ मध्ये व्हर्दी द्यु व्हर्नुआ यांनी बहुतेक तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निकालावर खेळ चालवायची पद्धत मांडली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ चा डी अँड डी सरावयुद्धांच्या छंदातूनच आला, तेव्हा तक्ताही त्याच्या रक्तात आहे आणि पंचही. दोघांपैकी एकाला हाकलून दिलं की हा खेळ राहत नाही.

पंचाची खरी गरज पुस्तक गप्प असतं तिथे लागते. आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. कॅम्पेन (बैठकांमागून बैठका चालणारी गोष्ट) कल्पनेतलं, पण आम्ही सगळे खानदेशी, तेव्हा गाव अर्थातच कापसाचं. पार्टी, म्हणजे प्लेअरच्या पात्रांची टोळी, रात्री जिनिंगमध्ये शिरली. एका बाजूला मोकळ्या कापसाचा ढीग, दुसऱ्या बाजूला दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी, मधे पहारेकरी, आणि विझार्डने, म्हणजे जादूगाराने, फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र काढला. फायटर ढिगापासून चार पावलांवर. फायरबॉलचं नुकसान पुस्तकात आहे, ८ डी ६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. कुणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या जळाऊ वस्तू पेट घेतात हेही आहे. पण पेटलेला कापूस पुढच्या राऊंडला काय करतो याबद्दल अक्षर नाही.

मी विझार्डला आधीच विचारलं, ‘कापूस पेटेल, हे तुझ्या कॅरॅक्टरला दिसतंय. तरी टाकतोस?’ तो थांबला, फायटरकडे बघितलं, फायटर म्हणाला ‘टाक’. मग आमच्यातला एक, ज्याच्या घरी जिनिंगचा व्यवसाय आहे, म्हणाला की मोकळा कापूस भपकन पेटतो, पण दाबलेली गाठ ज्वाळा धरत नाही, ती आतल्या आत दिवसेंदिवस धुमसते. निकाल तिथेच तयार झाला. ढिगाजवळ टर्न संपवणाऱ्याला २ डी १०, कारण २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात ऐनवेळच्या नुकसानीचा जो तक्ता आहे त्यात आगीच्या खड्ड्यात पडण्याला तेवढं दिलंय. गाठींच्या बाजूला नुकसान शून्य, पण दोन राऊंडनंतर इतका धूर की पलीकडचं दिसत नाही. पहारेकऱ्यांनाही तेच, आम्हालाही तेच. पुढची अर्धी लढाई त्या धुरातच झाली आणि कुणी ‘कोठे लिखेल शे’ विचारलं नाही, कारण फासा पडायच्या आधी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

आता यावर कुणीतरी म्हणेल, इथे खऱ्या जगाचं ज्ञान चालतं, मग बाकी ठिकाणी का नाही? ‘शेतकऱ्यांची तोफ’ नावाचा जुना विनोद आहे. हजारो शेतकरी एका रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने हातात आलेली काठी पुढच्याला द्यायची तयारी धरून ठेवायची. नियमाप्रमाणे हे सगळं एका राऊंडमध्ये, म्हणजे ६ सेकंदांत होतं. मग म्हणायचं, एवढं अंतर ६ सेकंदांत गेलेल्या काठीचा वेग बघा, आता ती किल्ल्याची भिंत फोडेल! गोम अशी आहे की रांगेतला प्रवास नियमांकडून घेतला आणि शेवटचा दणका भौतिकशास्त्राकडून. नियमच घ्यायचे तर शेवटच्या शेतकऱ्याने फेकलेली काठी म्हणजे ऐनवेळचं हत्यार, नुकसान १ डी ४. भौतिकशास्त्रच घ्यायचं तर माणसाला काठी पुढे द्यायला वेळ लागतो आणि रांग संध्याकाळपर्यंत चालेल. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकात तर हे स्पष्टच लिहून टाकलंय की खेळाचे नियम म्हणजे जगाचे भौतिक नियम नव्हेत. जिनिंगमध्ये आम्ही पुस्तकाची मोकळी जागा भरली. तोफेमध्ये पुस्तकाच्या आकड्याला बाहेरच्या आकड्याने गुणलं जातं. तुझा क्लेरिकही तेच करत होता: पाणी मंत्राचं, बुडून मरणं शरीरशास्त्राचं.

अक्षराला चिकटणाऱ्याला मात्र सरसकट वेडा समजू नकोस. २०१४ च्या नियमांत अदृश्य प्राण्याला हल्ल्यात अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) मिळतो, आणि ते वाक्य ‘दिसत नाही’ या वाक्यापासून वेगळं लिहिलेलं होतं. त्यामुळे सी इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य ते दिसण्याचा मंत्र टाकून समोरचा स्वच्छ दिसत असला तरी अक्षराप्रमाणे त्याचा अ‍ॅडव्हान्टेज तसाच राहायचा. वाचणारा बरोबर वाचत होता, नियमच वेडावाकडा होता. कित्येक टेबलांनी ‘दिसतोय तर फायदा कसला’ म्हणून तो वाऱ्यावर सोडला होता, आणि २०२४ मध्ये लेखकांनीच दुरुस्ती केली की ज्याला तू दिसतोस त्याच्याविरुद्ध फायदा नाही.

यावरून एक आठवलं. तुम्ही नक्की कुठली आवृत्ती खेळता? तुझ्या पत्रात ‘पाचवी’ एवढंच आहे, आणि आजकाल बरीच भांडणं २०१४ आणि २०२४ या दोन पुस्तकांमधली असतात. एकाने जुनं वाचलेलं, दुसऱ्याने नवं, तिसऱ्याने काहीच वाचलेलं नाही पण यूट्यूबवर तासन्‌तास खेळ बघितलेला. तिसरा सगळ्यात अवघड, कारण त्या कार्यक्रमांतल्या डीएमचे स्वतःचे हाऊस रूल असतात आणि बघणारा ते मूळ नियम समजून उठतो. उपाय बिनपैशाचा आहे. २०१४ च्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे, २०२४ च्या नियमांचाही २०२५ मध्ये आला. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एकच फाईल टाका आणि तीच आपली पोथी असं ठरवा. हजारोंची पुस्तकं पाच जणांनी घ्यायची गरज नाही.

आता हाऊस रूल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात, आणि बाहेरगावचा पाहुणा डावात बसला की पानं वाटायच्या आधी विचारतो, ‘तुमच्याकडे कसं खेळता?’ कारण नियम गावागणिक बदलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. भांडण कधी होतं? पानं हातात आल्यावर नियम सांगितला तर. हाऊस रूलबद्दल माझा पहिला आग्रह तेवढाच: कॅरॅक्टर बनवायच्या आधी सांगायचे, मधेच आणायचा असेल तर पुढच्या सेशनपासून.

दुसरा आग्रह, जो लोक विसरतात: नियम बदलण्याआधी त्या नियमावर कोण जगतं ते शोधायचं. तुझ्या यादीतलाच पहिला घे. क्रिट म्हणजे हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडणं, तेव्हा नुकसानीचे फासे दुप्पट होतात. ‘क्रिट आला की एक फासा पूर्ण धरायचा आणि दुसरा टाकायचा.’ ऐकायला छान, क्रिटवर दोन एक्के पडून पचका होत नाही. पण क्रिट गॉब्लिनसारख्या छोट्या राक्षसालाही येतो. पहिल्या पातळीच्या (ही कॅरॅक्टरची पातळी, मंत्राची नव्हे) विझार्डचे हिट पॉइंट बहुधा ८ असतात. २०१४ च्या गॉब्लिनची तलवार १ डी ६ अधिक २. पुस्तकाप्रमाणे क्रिट म्हणजे २ डी ६ अधिक २, त्यात ८ किंवा जास्त होण्याची शक्यता ३६ पैकी २६, म्हणजे साधारण ७२ टक्के. तुमच्या नियमाने ६ अधिक १ डी ६ अधिक २, म्हणजे कमीत कमी ९. विझार्ड १०० टक्के आडवा, प्रत्येक वेळी. आणि कॅम्पेनभर प्लेअरवर जेवढे हल्ले होतात तेवढे कुठल्याही एका राक्षसावर होत नाहीत. राक्षस तीन-चार राऊंडचा पाहुणा, तुमचं कॅरॅक्टर वर्षभराचं. त्यामुळे नुकसान वाढवणारा कुठलाही नियम अखेरीस प्लेअरच्याच अंगावर येतो. पाचव्या पातळीनंतर ठेवायचा तर ठेवा, तोवर अंगात थोडं रक्त आलेलं असतं.

‘एक पडला की हत्यार हातातून सुटतं’ हा मात्र आजच काढून टाक. पहिल्या पातळीचा फायटर टर्नला एक वार करतो, हत्यार सुटण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या पातळीला दोन वार, साधारण १०. अकराव्याला तीन, १४. विसाव्या पातळीला चार वार, १९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माणूस जेवढा तलवारबाजीत मुरतो तेवढी त्याच्या हातून तलवार जास्त वेळा पडते. आणि शेजारचा विझार्ड फायरबॉल टाकताना हल्ल्याचा फासा टाकतच नाही, म्हणून त्याचं काहीच पडत नाही. गंमत म्हणून आणलेला नियम आणि भरपाई एकट्या फायटरने करायची, हे मला पटत नाही.

‘वीस पडला की कुठलंही काम फत्ते.’ पुस्तकात आपोआप यश फक्त हल्ल्याला आहे, कौशल्याच्या फाशाला नाही. ठेवलात तर एवढं लक्षात ठेवा की अशक्य दरवाजा पाचही जणांनी एकेकदा ढकलला तर कुणाला तरी वीस पडण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या घरात जाते. त्यावर तोडगा फाशाच्या आधी आहे: जे अशक्य आहे त्याला फासा मागूच नकोस. तुझा हात फाशाकडे गेला म्हणजे तू ‘शक्य आहे’ असं कबूल केलंस. हे बरेच डीएम करत नाहीत. सवयीने ‘टाक’ म्हणतात आणि मग वीस पडल्यावर तोंड लपवतात.

औषधाची बाटली बोनस अ‍ॅक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा, छोट्या हालचालीत) पिण्याचा तुमचा नियम २०२४ च्या पुस्तकात मूळ नियमच झाला आहे. २०१४ खेळत असलात तरी खुशाल ठेवा. बरी होणारी जखम २ डी ४ अधिक २ एवढीच, त्यासाठी आख्खी अ‍ॅक्शन घालवायला कुणी तयार नसतं आणि बाटल्या झोळीत तशाच राहतात.

कॅम्पेनपुरता बांधलेला हाऊस रूल मला सगळ्यात आवडतो. समजा उद्या तू सातपुड्यासारखा डोंगरपट्टा ओलांडण्याची मोहीम घेतोस, मे महिना, नाले कोरडे, आणि तहानभूक हाच शत्रू. मग गुडबेरी आडवी येते: पहिल्या पातळीचा मंत्र, दहा बोरं, एक बोर म्हणजे एका माणसाचं दिवसाचं अन्न. मोहिमेचा अर्धा जीव तिथेच गेला. इथे ‘या मोहिमेत गुडबेरीने भूक भागत नाही, फक्त जखम भरते’ असा नियम योग्यच आहे, पण तो ड्रुइडने, म्हणजे हा मंत्र टाकणाऱ्या कॅरॅक्टरने, मंत्र निवडायच्या आधी सांगायचा. पाण्याला मात्र हात लावू नकोस. २०१४ च्या नियमांत माणसाला दिवसाला १ गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात २. क्रिएट वॉटर पहिल्या पातळीला १० गॅलन देतो, म्हणजे ३८ लिटरच्या आसपास. पाच माणसांना आपल्याकडच्या उन्हात बरोब्बर एक दिवस. घोड्याला प्यायला दिलं की कुणीतरी तहानलेला राहणार. त्या आकड्यातच सगळं नाट्य आहे, नवीन नियम कशाला?

मतदानाबद्दलही बोलतो, कारण तुम्ही सगळं मतावर घेता असं दिसतं. ज्या नियमाचा परिणाम सगळ्यांवर होतो त्यावर मत घ्यावं. गुडबेरीसारख्या नियमाचा फटका एकट्या ड्रुइडला असतो, तिथे चार विरुद्ध एक हा न्याय नव्हे. आधी तिला विचार, आणि बदल्यात दुसरा मंत्र किंवा आख्खं कॅरॅक्टर बदलायची मुभा दे. नवीन नियम तीन सेशनच्या बोलीवर आणायचा. तिसऱ्यानंतर कुणी ‘ठेवू’ म्हणालं नाही तर तो आपोआप गेला. नाहीतर यादी तुमच्यासारखी लांबते, कारण नियम आणायला सगळ्यांना उत्साह असतो, काढायला कुणाला आठवण नसते.

क्लेरिकचं. आधी एक तपासून बघ: तो कधी स्वतःच्या विरुद्ध जाणारा नियम सांगतो का? ‘थांब, माझं कॉन्सन्ट्रेशन तुटायला हवं होतं’ असं एकदा जरी म्हणाला असेल, तर तो तुझ्या टेबलावरचा सगळ्यात कामाचा माणूस आहे. त्याला नियम आवडतात, तुझ्याशी वैर नाही. त्याच्या हातात वही दे. वाद आला की तू मिनिटात निकाल द्यायचा, त्याने दुसऱ्याच्या टर्नला पान शोधायचं आणि सेशननंतर वाचून दाखवायचं, अर्धं वाक्य नव्हे, आख्खा परिच्छेद. त्याने काढलेला अर्थ बरोबर निघाला तर पुढच्या वेळी तो लागू, तुझी पत त्याने कमी होत नाही.

पण तो फक्त स्वतःच्या फायद्याचेच नियम काढत असेल तर वही देऊन उपयोग नाही. मग त्याच्याशी बोलावं लागेल, आणि ते चार लोकांत नको. टेबलावर सगळ्यांसमोर खडसावलंस तर तो इज्जतीसाठी भांडेल आणि नियम बाजूलाच राहील. बैठक नसलेल्या दिवशी टपरीवर चहा प्यायला ने आणि सरळ सांग: तू भांडतोस तेव्हा बाकीच्या चौघांची संध्याकाळ जाते. पुष्कळांना हे खरंच दिसलेलं नसतं. दिसूनही तो तसाच राहिला, तर तुमचा खेळ वेगवेगळा आहे, मैत्री राहू द्या, टेबल वेगळं करा.

तुझ्या यादीतल्या दोन नियमांची एकमेकांशी टक्कर आहे हे तुझ्या लक्षात आलं नसावं. ‘झोपलेल्या शत्रूचा गळा कापला तर तो मेला’ आणि ‘मुख्य शत्रू एका वारात मरत नाही’. मुख्य शत्रू झोपलेला सापडला की काय करणार? दुसरा काढ. तो तुझ्या गोष्टीला वाचवण्यासाठी आहे, आणि प्लेअरना ते कळतं. गळ्याच्या नियमासाठी पुस्तकात आहे तेवढं पुरे: बेशुद्ध माणसावर जवळून केलेला वार लागला की तो क्रिटच असतो. लढाई नसेल, पहारा नसेल, दार आतून बंद असेल, तर फासा कशाला, मेला म्हणून सांग. आणि हेच तुमच्या पार्टीच्या रात्रीच्या मुक्कामालाही लागू आहे हे सांगायला विसरू नकोस. त्या रात्रीपासून पहाऱ्याची पाळी कुणी चुकवत नाही.

शेवटचा राहिला, ‘उशिरा येणाऱ्याचा पहिला फासा डिसअ‍ॅडव्हान्टेजने’. म्हणजे दोन फासे टाकून लहान धरायचा. हा काढून टाक. शिरपूरहून येणाऱ्याची एसटी उशिरा आली तर त्याच्या पॅलाडिनने का मार खायचा? उशिराचा दंड शेवभाजीच्या बिलात घे.